डायल टोन : फोन चांगला, मग गिऱ्हाईक का नाही?

फोन, सिम, टॉवर आणि त्यांच्यावरून घरात होणारी भांडणं यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले आमचे नागपूरचे काकाजी इथे उत्तरं देतात. या वेळी पहिलं पत्र लांब आहे. उत्तर त्याहून लांब.

प्रश्न : काकाजी, नमस्कार. आम्ही पाच मित्र, सगळे त्रिमूर्तीनगर-प्रतापनगरकडचे, कॉलेजपासून लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या खुल्या सिस्टिमच्या) नादी लागलेले. काही वर्षांपूर्वी वर्गणी काढून आम्ही एक पाइनफोन घेतला. माझ्या मावसभावाने बाहेरून येताना आणून दिला. तुम्ही तो पाहिला आहे, पण वाचकांसाठी सांगतो : हा अँड्रॉइड नाही आणि आयफोनही नाही. कॉम्प्युटरवर चालतं तेच लिनक्स यात चालतं, सिस्टिमचा सगळा कोड खुला, वाटेल ती सिस्टिम टाका. तेव्हा किंमत १४९ डॉलर. आमचा बेत होता की असे पन्नासेक फोन मागवायचे आणि नागपुरात विकायचे. नफा नको होता, लोकांच्या हाती पडले असते तरी बस होतं. म्हणून नमुना घेऊन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फिरलो. एका दुकानदाराने विचारलं, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? पाच म्हटल्यावर त्याने फोन उलटून पाहिला, परत हातात दिला आणि म्हणाला, 'भाऊ, माझ्या पोरीच्या खेळण्यात याच्याहून बरा असंल.' दुसऱ्याने एवढंच विचारलं, 'फोनपे चालते का?' चालत नाही. तिसऱ्याने चहा पाजला, पण माल ठेवायचं नाव काढलं नाही. बाबा म्हणतात, पाच जणांनी मिळून एक फोन घेतला तिथेच बाजार कळला. त्यात २०२५ मध्ये कंपनीने याच फोनचं महागडं भावंड, पाइनफोन प्रो, बंद केलं. तेव्हापासून सगळे चिडून राहिले. एक मित्र तर म्हणतो, लोकांना गुलामीच आवडते. काकाजी, खरंच लोकांना कळत नाही का? की या फोनांचं नशीबच असं आहे? आणि आमच्या पन्नास फोनांचं काय करायचं?

— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : बेटा, पन्नास फोनांचं आधी निपटवतो. मागवू नको. पाहुण्याने येताना खिशात घालून एखादा फोन आणणं वेगळं आणि विकायला माल आणणं वेगळं. भारतात विकायच्या मोबाइलला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यायचा, मॉडेल कोणतं आणि कारखाना कोणता हे दोन्ही नोंदवायचं. हे काम बनवणाऱ्याचं असतं, आणि नागपूरच्या पन्नास फोनांसाठी कोणताही कारखानदार ही उस्तवार करणार नाही. रेडिओ लहरी सोडणारं उपकरण म्हणून दूरसंचार विभागाची मंजुरी वेगळी. त्यावर सीमाशुल्क. २०१८ मध्ये ते २० टक्के केलं होतं, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात १५ वर आणलं. त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. एवढं करून पन्नास विकलेस असं धरू. त्यातले आठ-दहा बिघडतील, आणि ते घेऊन लोक कंपनीकडे हाँगकाँगला जाणार नाहीत, तुझ्या घरी येतील. तुझ्या आईला विचारलं आहेस का?

बाबांचं वाक्य मात्र मी माझ्या डायरीत उतरवून घेतलं.

आता 'लोकांना कळत नाही' याकडे येतो, कारण तुमच्या सगळ्या चिडीचं मूळ तिथे आहे. मला ते पटत नाही. तुम्ही तीन दुकानदारांची गोष्ट सांगितली, त्यातला 'फोनपे चालते का' विचारणारा मला सगळ्यांत शहाणा वाटला. त्याच्यावर नंतर येतो.

त्या रविवारी तुम्ही फोन घेऊन माझ्याकडे आलात, तेव्हा मी त्याचं मागचं झाकण नखाने उचकटून काढलं. खालच्या कोपऱ्याला त्यासाठी खाच ठेवलेली आहे. बॅटरी काढली. आत एका ओळीत सहा बारीक बटणं : मॉडेम, वायफाय-ब्लूटूथ, माइक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा, हेडफोन. दात कोरायच्या काडीने माइकचं बटण सरकवलं आणि माइक गेला. सेटिंगमध्ये 'बंद' दिसतो तसला बंद नव्हे, वीजच तोडली. मी खूश झालो ते तुम्ही पाहिलंच. एक्स्चेंजमध्ये एखादी लाइन खरोखर तोडायची असली की आम्ही एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे जोडलेल्या असतात त्या चौकटीवर, जाऊन जंपर (जोडणारी तार) उपसायचो. तार हातात आली की शंका उरत नाही. हा फोन बनवणारा माणूस त्या जातीचा आहे, हे मला तिथेच कळलं. आणि बॅटरी कोणती? सॅमसंगच्या २०१५ च्या जे-सेव्हनच्या मापाची. आपल्याकडे तो फोन घरोघरी होता, त्याची बॅटरी बर्डीवर मोदी नंबरच्या गल्लीत आजही मागितली तर मिळेल. इतकी अक्कल भल्याभल्या कंपन्यांना सुचत नाही.

मग आपण त्या फोनला माझ्या मोबाइलवरून रिंग दिली. माझ्या कानात ट्रिंग-ट्रिंग सुरू, टेबलावर तुमचा फोन मुकाट. तुमच्यापैकी एक जण घड्याळाकडे पाहतोय, एक जण माझ्याकडे. बऱ्याच वेळाने स्क्रीन उजळली, आणि ती उजळेस्तोवर मी कंटाळून कट केलं होतं. तुम्ही पाचही जण एका सुरात म्हणालात, 'काकाजी, याच्यावर काम सुरू आहे.'

बर्डीवरच्या गिऱ्हाइकाला हे वाक्य सांगता येत नाही. फोन वाजला पाहिजे. बाकी सगळं नंतर.

तो का वाजला नाही, हे नीट समजून घ्या, कारण बाजाराचं उत्तरही तिथेच आहे. साध्या अँड्रॉइड फोनात मुख्य प्रोसेसर आणि टॉवरशी बोलणारा मॉडेम एकाच चिपमध्ये असतात. क्वालकॉम, मीडियाटेक या कंपन्या ती चिप बनवतात, आणि तिची कागदपत्रं गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय आणि लाखांत ऑर्डर दिल्याशिवाय कोणाला दाखवत नाहीत. ज्याला सगळं खुलं ठेवायचं आहे त्याला हा दरवाजा बंद. मग तो काय करतो? दुसऱ्या कामासाठी बनलेली चिप उचलतो. पाइनफोनमधली ऑलविनर ए-६४ मूळची स्वस्त टॅब्लेटची. अमेरिकेतल्या प्युरिझम कंपनीच्या लिब्रेम ५ या अशाच फोनमधली एनएक्सपीची चिप यंत्रसामग्रीत बसवण्यासारखी. मॉडेम वेगळा आणून शेजारी बसवायचा. आता बॅटरी वाचवायला मुख्य चिप झोपली की कॉल आल्यावर मॉडेमने तिला हलवून उठवायचं, तिने डोळे चोळत उठायचं, मग घंटी वाजवायची. तोवर समोरचा कट करून मोकळा. फोन जाडही होतो, तापतोही, बॅटरीही लवकर उतरते. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, खिशात घालून कॉटन मार्केटपर्यंत जाऊन बघ.

आणि इतकं करूनही तो मॉडेम पुरता खुला होत नाही. पाइनफोनमधल्या क्वेक्टेलच्या मॉडेमच्या आत एक वेगळंच छोटं लिनक्स चालतं. हौशी लोकांनी तेवढ्या भागाचं खुलं सॉफ्टवेअर लिहिलं, त्याला माझा सलाम. पण टॉवरशी जो भाग बोलतो, त्याचं सॉफ्टवेअर बंदच.

हे दुखणं जुनं आहे. तुम्ही शाळेत होतात तेव्हा, जुलै २००८ मध्ये, ओपनमोको नावाच्या तैवानी प्रकल्पाचा निओ फ्रीरनर विक्रीला आला. ३९९ डॉलर. ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम. कॅमेरा नाही, थ्रीजी नाही. पण फोनच्या बाहेरच्या कवचाचे नकाशेसुद्धा त्यांनी जगाला वाटून टाकले होते, कोणीही बनवा म्हणून. मी तेव्हा नोकरीत होतो आणि त्याचा प्रत्येक तपशील अधाशासारखा वाचायचो. काही फोनांत बोलताना पलीकडच्याला भुणभुण ऐकू यायची, कारण जीएसएमच्या लहरी माइकच्या सर्किटमध्ये घुसायच्या. उपाय होता, पण तो काय? फोन खोलून आत एक कपॅसिटर डागायचा. हौशी लोक एकत्र जमून, सोल्डरिंग आयर्न तापवून, एकमेकांचे फोन दुरुस्त करायचे. मला ते फार आवडायचं. पण विचार कर, त्याच जुलैत आयफोन थ्रीजी बाजारात आला आणि ॲपलने पहिल्या तीन दिवसांत दहा लाख विकल्याचं जाहीर केलं. त्यातल्या एकाही गिऱ्हाइकाला कपॅसिटर म्हणजे काय हे माहीत असायची गरज नव्हती. एप्रिल २००९ मध्ये ओपनमोकोने पुढच्या फोनचं काम थांबवलं, माणसं कमी केली, आणि त्याच वर्षी विकिपीडिया वाचायचं एक चिमुकलं यंत्र काढलं. फोन गेला.

मग २०१३ मध्ये उबुंटू एज, लिनक्सचाच एक फोन. बनवण्याआधीच लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर गोळा करायचे होते, जमले १ कोटी २८ लाखांच्या आसपास. बेत रद्द, सगळ्यांचे पैसे परत. तेव्हाही लोक असेच हळहळले होते. मला उलट वाटलं, न बनलेल्या फोनसाठी जगाने एवढे पैसे काढून दिले हेच नवल. लिब्रेम ५ ने २०१७ मध्ये १५ लाख डॉलर मागितले, २० लाखांवर मिळाले. जानेवारी २०१९ चा वायदा होता. पहिले थोडे फोन त्या वर्षाच्या अखेरीस निघाले आणि बाकीच्यांना पुढे आणखी वाट पाहावी लागली. माणसांची नियत खोटी नव्हती. पण फोन बनवणं म्हणजे हजार सुटे भाग एकाच दिवशी एका टेबलावर आणणं, आणि ज्याची ऑर्डर लहान त्याला कारखाना शेवटी उभा करतो.

आता आपल्या देशातली एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या त्या 'गुलामी'वाल्या मित्राला मुद्दाम वाचून दाखव. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसचा क्लाउड एफएक्स काढला, १,९९९ रुपयांत. दोन हजारांच्या आत स्मार्टफोन! फायरफॉक्स ब्राउझर काढणाऱ्या मोझिलाची सिस्टिम, खुली, स्वच्छ. आमच्या ऑफिसातल्या एका पोऱ्याने हौसेने घेतला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला, 'साहेब, याच्यात व्हॉट्सॲप नाही.' अधिकृत व्हॉट्सॲप त्या सिस्टिमवर आलंच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडला. सगळ्यांनी श्राद्ध घातलं. पण कोड खुला होता ना, तो काही जणांनी उचलला, त्याचं कायओएस केलं, आणि २०१७ मध्ये तेच जिओफोनमधून, १,५०० रुपये अनामत घेऊन, खेड्यापाड्यांत पोचलं. पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सॲपही आलं. काटोलच्या संत्रा बागेतल्या गड्याच्या खिशात फायरफॉक्सचं नातवंड वाजत होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणजे कोड खपला. खपलं नाही ते त्याचं मोकळेपण. जिओफोनमध्ये तुला वाटेल ती सिस्टिम टाकता येत नव्हती. अँड्रॉइडचंही तेच, पोटात लिनक्स, दारावर गुगलचं कुलूप. तुम्ही मित्र ज्या गोष्टीसाठी जीव टाकता ती दुकानात मांडताच येत नाही, कारण ती काचेतून दिसत नाही. गिऱ्हाइकाला दिसतो तो पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा.

आता त्या फोनपेवाल्याकडे येऊ. तो काय विचारत होता? 'माझी बँक या फोनला ओळखते का?' यूपीआयचं ॲप सुरू करताना ते तुमच्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं आणि नंबर, सिम, फोन यांची गाठ मारतं. नंतर फोनच्या सिस्टिमला कोणी हात लावलाय का हे तपासतं. ही ॲपं अँड्रॉइड आणि आयफोनपुरतीच बनतात. लिनक्सवर वेड्रॉइड वापरून अँड्रॉइडची बरीच ॲपं चालवता येतात हे मला माहीत आहे, तुम्ही दाखवलंही. पण बँकेच्या ॲपला तिथे संशय येतो आणि ते दार लावून घेतं. चोराला अडवायला ही तपासणी आहे हे मान्य. पण स्वतःच्या फोनची किल्ली स्वतःकडे ठेवणारा माणूसही तिच्या लेखी चोरच. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर वीस रुपये द्यायचे तरी दुसरा फोन काढावा लागतो, तर लोकांनी हा पहिला का घ्यावा?

तसंच बोलण्याचं. जिओकडे टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच. २०१६ मध्ये ती कंपनी आली ती थेट फोर-जी घेऊन, आणि बोलणं सगळं व्होल्टीवर, म्हणजे फोर-जीच्याच जाळ्यावरून. मॉडेममध्ये त्या कंपनीच्या व्होल्टीची मांडणी बसली नाही तर नेट चालेल, व्हिडिओ दिसेल, आणि आईला फोन मात्र लागणार नाही. एअरटेलचं सिम घातलं तर टूजीवर उतरून आवाज जातो, म्हणून तुमचं त्या रविवारी निभावलं.

म्हणून म्हणतो, गिऱ्हाइकाने या फोनला नाकारलं असं समजू नका. तो त्याच्यापर्यंत आलाच नाही. चिपवाल्याने, टेलिफोन कंपनीने आणि बँकेने त्याला आधीच वाटेत थांबवलं, आणि चिडायचंच असेल तर तिकडे चिडा. प्रो बंद झाला त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. ३९९ डॉलरचा फोन, आणि ज्यांनी घेतला त्यांनीही खिशात दुसरा ठेवला. विक्रीच्या आकड्यात हे फोन कधीच दिसणार नाहीत. आपल्या देशात वर्षाला १४-१५ कोटी स्मार्टफोन येतात, त्यात यांचा हिशेब लागण्यासारखा नाही. तुम्ही पाच जणांनी तो आकडा पाहत बसणं सोडलं तर निम्मी निराशा जागच्या जागी उतरेल.

मग करायचं काय? वर्गणीचे पैसे नवा फोन आणण्यात घालू नका. बर्डीवर जुन्या फोनांच्या दुकानांत पोको एफ-वन शोधा, किंवा वनप्लस ६. दोन्ही २०१८ चे, दोन्हींत स्नॅपड्रॅगन ८४५ प्रोसेसर, पाइनफोनच्या कितीतरी पट ताकदीचे. पोस्टमार्केटओएस नावाची लिनक्स सिस्टिम त्यांच्यावर चांगली चालते. जुन्या फोनांना कंपनीने सोडल्यावरही चालू ठेवायचं, या हट्टातून २०१७ मध्ये ती निघाली. पोको घेताना एक लक्षात ठेवा : त्या एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे डिस्प्ले लागले आहेत, तियान्मा आणि ईबीबीजी. सिस्टिमची इमेज, म्हणजे फोनमध्ये टाकायची फाइल, डिस्प्लेप्रमाणे वेगळी. चुकीची टाकली तर काळी स्क्रीन पाहून तुम्हाला वाटेल फोन मेला. बूटलोडर (दुसरी सिस्टिम टाकू न देणारं फोनचं कुलूप) उघडायला कंपनीकडे अर्ज करून ताटकळावं लागतं, तेव्हा घाई असेल तर आधीच उघडलेला मागा. विकणारा 'हे काय असते' म्हणाला तर समजा उघडलेला नाही. कॅमेऱ्याची आशा धरू नका.

पाइनफोन विकू नका. त्यावर मराठी टायपून पाहा, जोडाक्षरं कुठे तुटतात, मेनूतलं कुठलं भाषांतर अर्धवट आहे, ते लिहून बनवणाऱ्यांना कळवा. हे पुण्या-मुंबईचे लोक करतील म्हणून वाट पाहू नका. आणि तुमच्यात एक जण बँकेत आहे म्हणालात. त्याच्या साहेबाला विचारायला सांगा की ब्राउझरमधून चालणारं नेटबँकिंग तरी ॲपच्या आग्रहापायी कधी बंद करणार नाही ना. आज ते चालतं, ओटीपी साध्या एसएमएसने येतो, तोवर तुमच्या फोनला बँकेत मागच्या दाराने का होईना, जाता येतं. ते दार गेलं तर मात्र तुम्ही खरोखर चिडा, मीही येतो सोबत.

प्रश्न : काकाजी, माझा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्याला गुगल नसलेला लिनक्सचा फोन पाहिजे. म्हणतो, गुगल आपल्यावर पाळत ठेवते. आहे तो फोन विकून तो घेतो म्हणतो. त्याचे बाबा बाहेरगावी नोकरीला, सगळं माझ्यावर. घेऊ देऊ का?

— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, घेऊ द्या, पण आहे तो विकू देऊ नका. कॉलेजचा सगळा कारभार आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतो. व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर किंवा लिनक्सच्या फोनवर जोडून वापरता येतं, पण त्यासाठी खातं मुळात अँड्रॉइड किंवा आयफोनवर असावं लागतं, आणि त्या मूळ फोनवर दोन आठवडे ते उघडलंच नाही तर जोडलेली सगळी यंत्रं बाहेर पडतात. म्हणजे जुना फोन घरात लागणारच. शिवाय परीक्षेच्या दिवशी तुम्ही फोन केला आणि तो वाजलाच नाही, तर तुमचा जीव किती वर-खाली होईल, ते या फोनच्या वेडापायी त्याच्या लक्षात येणार नाही.

वर त्रिमूर्तीनगरच्या पोरांना जे जुने फोन सांगितले, त्यातला एखादा त्याला घेऊन द्या. बिघडवला तर शिकेल. पाळतीची त्याची काळजी खोटी नाही, तेव्हा त्याला खुळ्यात काढू नका. पण आजच्या आज काही करायचं असेल तर आहे त्याच अँड्रॉइडमध्ये कोणत्या ॲपला माइक, कॅमेरा आणि लोकेशनची परवानगी दिली आहे ते त्याच्याकडून तपासून घ्या. तुमच्याही फोनमधलं तपासायला सांगा. विजेरीच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत, हे विचारायला लिनक्स लागत नाही.

एकच अट घाला : घरखर्चाचं बँक खातं ज्या फोनवर आहे, त्याला तो हात लावणार नाही.

प्रश्न : माझं इतवारीत मोबाइलचं दुकान आहे. दोन-तीन गिऱ्हाइकांनी भारओएसचा फोन मागितला. टीव्हीवर पाहिलं म्हणतात. माल कुठून उचलायचा?

— एक दुकानदार

उत्तर : भाऊ, उचलायला माल नाही. भारओएस ही आयआयटी मद्रासच्या आसऱ्याने वाढलेल्या एका कंपनीची सिस्टिम. जानेवारी २०२३ मध्ये ती जाहीर झाली, केंद्रातल्या मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर चालवून पाहिली, म्हणून टीव्हीवर आली. ती ज्यांना गोपनीयता कडक पाळावी लागते अशा संस्थांसाठी असल्याचं तेव्हाच सांगितलं होतं. तुमच्या काचेच्या कपाटासाठी ती नव्हती. शिवाय ती अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर उभी आहे, गुगलची ॲपं तेवढी काढलेली. गिऱ्हाइकाला सरळ सांगा की दुकानात येत नाही. 'पुढच्या आठवड्यात येईल' म्हणू नका. इतवारीतला पुढचा आठवडा कसा असतो, हे मला नातीच्या लग्नाच्या खरेदीत कळलं आहे.

प्रश्न : माझ्या कपाटात नोकियाचा एन-९०० पडून आहे. बॅटरी फुगली आहे. फेकू का?

— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : साहेब, फेकू नका! २००९ चा तो फोन, सरकवला की खालून कीबोर्ड निघणारा, आणि पोटात खरं लिनक्स. नोकियाने तोच रस्ता पुढे धरला असता तर वरच्या पत्रातली पोरं आज वेगळंच काही लिहीत असती. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनी मायक्रोसॉफ्टच्या वळचणीला गेली.

फुगलेली बॅटरी मात्र आजच बाहेर काढा. टोचू नका, दाबून बसवू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नवी बीएल-५जे लागेल. ती नोकियाच्या पुष्कळ फोनांत बसायची, बर्डीवर नाव सांगितलं की काढून देतात. चार्जर लावताना पिन सरळ घाला आणि सरळ काढा, कारण त्या मॉडेलचं चार्जिंगचं सॉकेट बोर्डावरून उखडतं आणि मग डागायला जागा राहत नाही. सिम टूजीवाल्या कंपनीचं घाला. सुरू झाला की त्रिमूर्तीनगरच्या त्या पाच जणांना दाखवायला मला उसना हवा आहे, पत्ता संपादकांकडे देऊन ठेवतो.